दादींचा आवाज आणि आमचा जुना कॉम्प्युटर

३१ ऑगस्ट २०२१ ची पहाट चाळीसगावकर विसरणार नाहीत. रात्रभर डोंगरात पाऊस कोसळला, तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या एकदम फुगल्या आणि पाणी गावात शिरलं. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. गहू, गाद्या, अम्मींचं शिलाई मशीन, सगळं भिजलं. माणसं वाचली, अल्हम्दुलिल्लाह. बाकीच्या वस्तू हळूहळू पुन्हा घेता आल्या. पण लोखंडी पेटीच्या तळाशी, बिस्किटांच्या डब्यात पाच कॅसेट होत्या. त्यात दादाजानचा आवाज होता. कुणाच्या तरी शादीत हौसेने भरलेल्या, मध्येच कुणाचं हसणं, मध्येच भांड्यांचा आवाज. आम्ही त्या सावलीत सुकवल्या, कापसाने पुसल्या. फीत चिखलाने एकमेकींना चिकटून बसली होती. एकही वाजली नाही.

दादाजान जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्या दिवशी ते दुसऱ्यांदा गेले असं अब्बू म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

तेव्हाच आम्ही दोघा भावाबहिणींनी ठरवलं की दादींचा आवाज तरी नीट साठवून ठेवायचा. दादी आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. धुळ्याकडून लग्न होऊन इथे आल्या. त्यांच्या बोलण्यात उर्दू, मराठी आणि अहिराणी अशी मिसळलेली असते की कुठली भाषा कुठे संपली ते कळत नाही. शादीची गाणी, पाळणे, कोडी, दुष्काळाच्या गोष्टी, कुणाची सासू कशी होती इथपर्यंत सगळं त्यांच्याजवळ आहे आणि कागदावर एक ओळ नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्या ३ डिसेंबर १९५१ ला वारल्या आणि मुलगा सोपानदेव यांच्यामुळे १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकात आली. शब्द सगळ्या महाराष्ट्राला मिळाले. त्यांचा आवाज मात्र आपल्यापर्यंत आला नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातल्या पुष्कळ बायांच्या आवाजासकट. त्यांचं काम मोठं होतं. आम्हाला फक्त एका दादींचं करायचं होतं, म्हणून वाटलं, सोपं असेल.

सामान असं होतं. दुकानातून बाद झालेला एक डेस्कटॉप, आठ जीबी रॅम, त्यावर विंडोज १०. एक बऱ्यापैकी माइक. माइक आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये लागणारा छोटा यूएसबी डबा, ज्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. आणि ऑडॅसिटी नावाचा मोफत प्रोग्राम. खरं सांगायचं तर चांगला मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून जवळ ठेवला तरी बरंच काम होतं, आणि ज्यांच्याकडे दुसरं काही नाही त्यांनी कॉम्प्युटरची वाट बघत बसू नये. पण दादींचा आवाज बारीक झालाय, मोबाइलवर तो पंख्यात बुडत होता.

इशानंतर गल्ली शांत होते. पहिल्या रात्री आम्ही खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद केला, बिस्मिल्लाह म्हणून रेकॉर्डचं लाल बटण दाबलं. दादी दोन तास बोलल्या. धुळ्याची ब्रँच लाइनची गाडी, कोळशाचा धूर, नव्या नवरीच्या डोळ्यात गेलेला कण, चाळीसगावच्या स्टेशनवर पहिल्यांदा पाहिलेली एवढी मोठी गर्दी. मग बोलता बोलता त्या एका धाकट्या बहिणीवर आल्या. आम्ही तिच्याबद्दल कधी ऐकलंच नव्हतं. अब्बूंनीही नाही. पाच वर्षांची असताना तापाने गेली. तिच्यासाठी त्यांच्या अम्मीने एक पाळणा रचला होता, त्यात तिचं नाव होतं. दादींनी नाव सांगितलं, एकदाच, आणि पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी ऐकलं तेव्हा दोन तासांत सात ठिकाणी आवाज तुटला होता. कुठे नुसती टिचकी, कुठे अर्धा शब्द. आणि एक तूट नेमकी त्या नावावर होती. "तिचं नाव" एवढं येतं, मग खट्ट असा आवाज, आणि पुढे "ठेवलं होतं अब्बांनी". आम्ही दोघे समोर बसलो होतो, पण आमचं लक्ष पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे होतं. आमच्यातल्या एकाला वाटतं नाव 'ह'ने सुरू होत होतं, दुसरीला वाटतं 'ज'ने. संध्याकाळी हळूच विचारलं, "दादी, त्यांचं नाव पुन्हा एकदा सांगाल का?"

"काल सांगितलं ना, बेटा. तिचं नाव मी रोज काढत नाही."

त्यानंतर विचारायची आमची हिंमत झाली नाही.

एका जाणकाराने सांगितलं, मशीन जुनं आहे, साठ हजारांचं नवं घ्या. ते आमच्याकडे नव्हते, आणि ते खरंही नव्हतं. बिघाड मशीनचा नव्हता, चूक आमची होती. रेकॉर्डिंग थांबवल्यावर पडद्यावर एक पाटी आली होती. आम्ही ती न वाचताच ओके दाबून बंद केली होती. ऑडॅसिटी त्या पाटीत सांगत होती की खुणा केलेल्या ठिकाणी आवाज हरवला आहे. एक तर दुसरे प्रोग्राम कॉम्प्युटरचा वेळ खात असतील, नाहीतर तुम्ही संथ बाहेरच्या डिस्कवर थेट साठवत असाल. खाली वेगळ्या पट्टीवर सातही जागांवर खुणासुद्धा केलेल्या होत्या.

आम्ही खरंच थेट पेन ड्राइव्हवर साठवत होतो. पुराची भीती. पाणी आलं तर ड्राइव्ह उपसून खिशात टाकून पळता येईल, हा हिशोब. त्या भीतीनेच ते नाव नेलं.

त्यानंतर आम्ही नीट बसून समजून घेतलं की कॉम्प्युटर आवाज घेतो कसा. सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाचं माप घेतलं जातं. ही मापं एकेक करून पुढे जात नाहीत, गठ्ठ्याने जातात, आणि गठ्ठा साठण्याच्या जागेला बफर म्हणतात. आपल्याकडे नळ येतो तेव्हाचं बघा. धार कुणासाठी थांबत नाही. हंडा भरला की उचलायचा आणि रिकामा लावायचा. नेमक्या त्या क्षणी नळावरच्या माणसाला कुणी हाक मारली, की पाणी वाहून जातं. तो माणूस अशक्त नसतो, त्याला दिवसभरात शंभर हंडे उचलता येतात. फक्त वेळेवर तिथे नसतो. कॉम्प्युटरचं तसंच आहे. दिवसभरात तो आपल्या रेकॉर्डिंगच्या हजारपट काम करू शकतो, पण त्याला घरातल्या सगळ्यांच्या हाका ऐकायची सवय असते: अपडेट, अँटिव्हायरस, वायफाय, आपोआप होणाऱ्या कॉपी. टाइप करताना तो सेकंदाचा दहावा भाग थांबला तरी आपल्याला कळतही नाही. आवाजात मात्र तेवढ्यात एखादं अक्षर सांडतं.

यातून पहिली गोष्ट कळली ती हंड्याच्या आकाराची. अनेक जण सांगतात की बफर लहान ठेवा, १२८ वगैरे. १२८ मापांचा हंडा तीन मिलिसेकंदांच्या आतच भरतो. १,०२४ चा हंडा भरायला २१ मिलिसेकंद लागतात. लहान हंड्याचा फायदा त्याला, जो कानाला हेडफोन लावून स्वतःचाच आवाज कॉम्प्युटरमधून ऐकत गातो. मोठ्या बफरने त्याला आपला आवाज उशिरा ऐकू येईल. दादींना हेडफोन नकोच होते. नुसतं बोलणं साठवायचं असेल तर बफर मिळेल तेवढा मोठा ठेवावा. तरीही आम्ही आठवडाभर उलटंच करत होतो, कारण लहान आकडा म्हणजे काहीतरी उस्तादी असं वाटत होतं.

मग तपासणी. दादींना पुन्हा पुन्हा बोलवून मशीनची परीक्षा घेणं बरं दिसलं नसतं. आम्ही माइकसमोर भिंतीवरचं घड्याळ ठेवलं आणि रोज रात्री एक तास त्याची टिकटिक भरली. घड्याळ थकत नाही आणि त्याची लय ठरलेली असते. तासाला ३,६०० टिक. पडद्यावर त्या दातांसारख्या एका रांगेत दिसतात. एखादा दात गायब असेल किंवा दोघांमधलं अंतर चुकलं असेल, तर आवाज तिथे हरवला. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी ही घड्याळाची युक्ती जरूर करावी. एका रात्री एकच बदल करायचा, हा नियम आम्ही पाळला. नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

पहिल्या रात्री पेन ड्राइव्ह काढून कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर साठवलं. सातावरून तीन तुटी. या आवाजाला सेकंदाला जेमतेम ०.२ एमबी जागा लागते, तेवढं कुठलाही पेन ड्राइव्ह लिहितो. पण तो मध्येच दम खायला थांबतो, आणि घात तिथे होतो. कॉपी नंतर करायची, आवाज भरताना नाही.

दुसऱ्या रात्री विजेची बचत बंद केली. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन 'हाय परफॉर्मन्स' निवडलं, स्लीप 'नेव्हर' केलं, हार्ड डिस्क बंद होण्याची वेळ काढून टाकली. तिथेच आत यूएसबीची एक ओळ असते, 'सिलेक्टिव्ह सस्पेंड'. ती चालू असली की कॉम्प्युटर यूएसबीवरच्या वस्तू मधूनमधून झोपवू शकतो. ती बंद केली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्येही वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या अशा अर्थाची टिकमार्क असते, ती काढली. वीज वाचवणं ही चांगली सवय आहे, घरातले दिवे तर अब्बू अजून मागे फिरून बंद करतात, पण हे दोन तास अपवाद. तीनावरून एक.

ती एक तूट हट्टी निघाली. तीन रात्री ती दर वेळी वेगळ्या जागी दिसली. मग लेटन्सीमॉन नावाचा मोफत प्रोग्राम चालवला. विंडोजच्या पोटात कुठला ड्रायव्हर किती वेळ रस्ता अडवून बसतो ते तो दाखवतो. वायफायचा ड्रायव्हर सगळ्यात वर होता. डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय 'डिसेबल' केलं. त्या रात्री ३,६०० च्या ३,६०० टिक मिळाल्या. आम्ही दोघांनी पडदा सरकवत सरकवत मोजायला घेतल्या आणि अर्ध्यातच हसायला लागलो.

इतर गोष्टी थोडक्यात. रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटरवर वेगळं युजर अकाउंट केलं, ज्यात सुरू होताना काहीच आपोआप उघडत नाही. सूचनांचे आवाज बंद. आवाज साठवायचा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळला. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आणि ऑडॅसिटीमध्ये दोन्हीकडे ४८,००० हाच आकडा ठेवला. एकीकडे ४४,१०० आणि दुसरीकडे ४८,००० असलं की कॉम्प्युटरला विनाकारण रूपांतराचं काम लागतं. इंटरफेसचा ड्रायव्हर त्याच्या कंपनीचाच टाकला. सुरू करण्यापूर्वी एकदा रीस्टार्ट. लोड शेडिंगसाठी छोटा यूपीएस. रजिस्ट्री उघडून हे बदला, ते बदला अशा जादूच्या युक्त्याही पुष्कळ मिळतात. दोन करून पाहिल्या, घड्याळाला काही फरक पडला नाही, परत पूर्वीसारखं केलं. ज्याचा परिणाम मोजता येत नाही ते मशीनमध्ये ठेवू नये.

आपोआप कॉपी करणाऱ्या सेवेची गोष्ट वेगळी आहे. ती आम्ही आवाज तुटू नये म्हणून बंद करणारच होतो, पण त्याआधी मालेगावच्या फूफींचा फोन आला. त्या नाराज होत्या. अम्मीजानचा आवाज, त्यांची गाणी, घरातल्या गोष्टी, हे सगळं कुठे जाणार, कोण ऐकणार? आम्हाला आधी राग आला. रात्री विचार केला तेव्हा लक्षात आलं की दादींना तर हे आम्ही विचारलंच नव्हतं. सकाळी विचारलं. दादी म्हणाल्या, "घरातल्यांनी ऐकावं. माझ्या गाण्यावर बाजार नको." तेव्हापासून त्या कॉम्प्युटरची इंटरनेटची वायरच काढून ठेवली आहे. फूफींचं समाधान झालं आणि मशीनचंही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमचं मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नाही; पण ज्या कॉम्प्युटरला बाहेरचं दारच नाही, तो फक्त आवाज भरायला अजून वर्षानुवर्षं चालेल. त्यावर बँकेचं काम किंवा मेल उघडणं मात्र नको.

चुलतभावाने त्याच्या जुन्या लॅपटॉपवर दुसरा मार्ग घेतला, लिनक्सचा. उबंटू स्टुडिओ नावाची मोफत प्रणाली २००७ पासून आवाज आणि चित्राच्या कामासाठीच बनवली जाते, त्यामुळे आम्ही आठवडाभर शोधून केलेले बरेच बदल तिच्यात आधीच केलेले होते. त्याने प्रोसेसर 'परफॉर्मन्स'वर ठेवला, बफर १,०२४ केला आणि झालं. त्याच्याकडूनच कळलं की लिनक्समध्ये तातडीच्या कामाला हमखास वेळेवर रस्ता देण्याची जी सोय आहे, ती जवळपास वीस वर्षं वेगळी बाळगली जात होती आणि २०२४ मध्ये मुख्य लिनक्समध्ये सामील झाली. आम्हाला ते ऐकून आपलं जंक्शन आठवलं. मेल जायची असली की धुळ्याची गाडी बाजूला उभी राहते, तिच्यात कितीही माणसं असोत. घरी बोलणं साठवायला एवढ्याची गरज नाही, पण कल्पना छान आहे.

मग दादींना पुन्हा बोलावलं. या वेळी आमच्यातला एकच कॉम्प्युटरजवळ बसला, तोही पाठ करून, आणि दुसऱ्याने फक्त ऐकलं. आजपर्यंत तेवीस रात्री झाल्या. तासाला साधारण ७०० एमबी. प्रत्येक रात्रीनंतर तीन कॉपी होतात: एक आमच्याकडे, एक जळगावला मामूंकडे, आणि एक मालेगावला फूफींकडे दुसऱ्या मजल्यावर. मजला आम्ही मुद्दाम विचारून घेतला. एकदा दादींना त्यांचाच आवाज ऐकवला. थोडा वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "ही म्हातारी कोण? फार बोलते."

सोळाव्या रात्री, काही न विचारता, त्यांनी तो पाळणा म्हटला. आम्ही श्वास धरून बसलो होतो. नाव येतं तिथे त्या थांबल्या, ती जागा नुसती गुणगुणल्या आणि पुढच्या ओळीवर गेल्या. चारही कडव्यांत तसंच. रेकॉर्डिंगमध्ये एकही तूट नाही, त्यांचं गुणगुणणं अगदी स्वच्छ ऐकू येतं. पहिल्या रात्रीची तुटलेली फाइलही आम्ही पुसली नाही. टिचक्या काढून आवाज गुळगुळीत करता आला असता, पण तिला हात लावलेला नाही.

येत्या जुम्म्याला इशानंतर दादी धुळ्यातल्या त्यांच्या मदरशाच्या आणि तिथल्या एका खट्याळ बकरीच्या गोष्टी सांगणार आहेत. त्याआधी यूपीएसची बॅटरी बदलायची आहे आणि एकदा घड्याळ लावून बघायचं आहे.